खडूसची शेवटची सूचना

“शी!”

गेम डिझायनरने हातातला ब्रश बेसिनमध्ये फेकला. तोंड धुवायला ती आत्ता कुठे आली होती आणि तिचा ब्रश ओलाचिंब होता. वर कुणाचा तरी फेस.

“बाबा! माझा ब्रश वापरलात तुम्ही?”

“तुझा होता का गं?” बाहेरून वडिलांचा आवाज आला. “चुकलं.”

“माझा लाल, तुमचा हिरवा! किती वेळा सांगायचं?”

“चुकलं म्हटलं ना, बाळा.”

तिने तरीही उगाचच चार चुळा भरल्या.

वडील राहायला आल्यापासून घरात किळस येणार नाही असा कोपरा उरला नव्हता. बाथरूमची फरशी नको तिथे ओली. शर्टावर कालच्या जेवणाचे डाग, आणि तोच शर्ट आज पुन्हा अंगावर. पॅसेजच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर एक तेलकट, काळपट पट्टा उमटला होता. तिने भिंत रंगवून घेतली, तर पट्टा पुन्हा हजर. उभ्या आयुष्यात इस्त्रीशिवाय बाहेर न पडलेला माणूस, आणि आता हे ध्यान.

सगळ्यावर कडी म्हणजे चहा. एकदा ती अचानक स्वयंपाकघरात आली, तर वडील चहा ओतत होते आणि त्यांची तर्जनी कपात बुडालेली.

“बाबा, खरंच किळस येते हो मला.”

दुसऱ्या दिवसापासून वडील चहा नको म्हणू लागले. तेवढी तरी एक कटकट मिटली.

“वय झालंय त्यांचं,” नवरा म्हणायचा.

“वय झालं म्हणजे घाण करायचा परवाना मिळतो का?”

ब्रशनंतर मात्र त्यानेही वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायला होकार दिला. तिथे एक खोली रिकामी होती. जागा बरी होती, शिवाय फरशा पुसायला तिथे माणसं होती. वडिलांनी वाद घातला नाही. जिन्यालगतची खोली नको, एवढंच म्हणाले आणि हेडफोन लावून आपल्या खोलीत जाऊन बसले. तिने दिलेला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन ते दिवसभर काहीतरी ऐकत असत, बहुधा जुनी गाणी.

ऑफिसात दुसरी किळस तिची वाट पाहत होती.

तिचा साहसी गेम जवळजवळ पूर्ण झाला होता. अंधाऱ्या गुहेतून एक नायक गावासाठी पाणी आणायला निघतो. हा गेम नुसता ऐकून खेळता यायचा, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही बाकीच्यांच्या बरोबरीने. चाचणीची आवृत्ती खेळाडूंसाठी खुली केली होती आणि सूचना येत होत्या. बहुतेक गोड होत्या. एक महाभाग सोडून. त्याने स्वतःचं नावच ‘खडूस’ ठेवलं होतं.

“हा पूल आहे का कुणाचं घोरणं,” खडूस लिहायचा. “वटवाघळं कोंबड्यांसारखी का ओरडतात डोळे मिटून एकदा तरी खेळून पाहिलंत का मॅडम”

ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. वाचतानाही अंगावर काहीतरी सांडल्यासारखं वाटायचं.

“हा आंधळाबिंधळा काही नाही,” ती टेबलावर वही आपटत म्हणाली. “कुणीतरी रिकामटेकडा आहे. मजा घेतोय आपली.”

समोर बसलेल्या परीक्षक बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. प्रत्येक टप्पा आधी त्या खेळून बघायच्या.

“आमच्यातलाच आहे तो,” त्या म्हणाल्या. “बोलून लिहितोय, म्हणून टिंबं नाहीत. नवा आहे पण.”

“नवा कशावरून?”

“अजून चिडतो.” त्या हसल्या. “आणि त्याचं म्हणणं खरं आहे हो. तुमचा पूल घोरतोच.”

पूल बदलावा लागला, वटवाघळंही बदलावी लागली. प्रत्येक वेळी खडूसचंच बरोबर निघालं, त्यामुळे तो तिच्या आणखीच डोक्यात गेला. शेवटी तिने ठरवलं, मंगळवारच्या बैठकीत याला चाचणीच्या गटातून काढायचंच.

मंगळवारीच नवरा वडिलांना पोचवायला जाणार होता. ती आधी निघाली. वडील दारात उभे होते, पायात दोन वेगळ्या चपला. त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तो कानावर पडला. बोटं चिकट होती. ती बाजूला सरकली.

“तुझा खेळ झाला का गं पुरा?”

“होईल आता. एक डोकेदुखी आहे, ती आज जाईल.”

“कोण?”

“आहे एक खडूस म्हणून.”

“बरं,” वडील म्हणाले. “जाऊ दे त्याला.”

बैठकीत साहेबांचा एक नियम होता. कुणालाही गटातून काढायचं असेल, तर त्याची शेवटची सूचना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. परीक्षक बाई ऐकायला पुढे सरकल्या. डिझायनरने नाक मुरडत मोबाईल उघडला. सूचना सकाळीच आली होती.

“ऐका,” ती म्हणाली आणि खडूसची नक्कल करत, एका दमात वाचू लागली.

“मॅडम पूल आता छान वाजतो वटवाघळंही छान नाराज होऊ नका मी चांगल्यासाठीच बोललो आज दुसरीकडे राहायला जातोय तिथे नेट असेल का ठाऊक नाही म्हणून शेवटचं सांगतो तुमचा नायक घडा भरतो तेव्हा पाणी कुठवर आलं ते कळत नाही त्याला घड्यात बोट बुडवू द्या मीही चहाच्या कपात बुडवायचो पण मुलीला किळस येते म्हणून आता चहाच सोडलाय”