सतरा नंबर

"निरोगी माणसांचं रक्त हवंय," असं लेकीने म्हणायचा अवकाश, बाबा बाही वर सारून तिच्या प्रयोगशाळेत हजर. "जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता तुझ्या कामी येऊ दे," म्हणत त्यांनी ऐटीत हात पुढे केला.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी साखर कशी वापरतात आणि त्यातून शरीरातला दाह कसा वाढतो, हे ती शोधत होती. नमुने वीस, नावं झाकलेली, वर फक्त नंबर. एकोणीस नमुने मुकाट ओळीत बसले. सतरा नंबरच्या पेशी मात्र समोर एकही जंतू नसताना अधाशासारखी साखर फस्त करत होत्या, आतल्या आत धुमसत होत्या. "नमुना खराब झाला असेल," म्हणत तिने तो वगळला. आलेख सुरेख आला, निबंध छापून आला.

दोन वर्षांनी बाबांच्या पायाची जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. "मधुमेह बरीच वर्षं मुरलेला दिसतोय. आधी कळलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. ती तडक प्रयोगशाळेत गेली आणि तिने नावांची यादी उघडली. सतरा नंबरपुढे बाबांचं नाव होतं.

संध्याकाळी ती वॉर्डात आली तेव्हा बाबा नर्सला कौतुकाने सांगत होते, "हिच्या शोधात माझंही रक्त आहे बरं का! हो ना गं?"

"हो बाबा," ती म्हणाली. आणि त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायावरचं पांघरूण नीट करू लागली.