एडविनची सही

मिरजेच्या एका अंधशाळेत दुसऱ्या दिवशी गाण्याची परीक्षा होती आणि तिथल्या शिक्षिका मंजिरी कागवाडेच्या संगणकावर ब्रेल स्वरलिपी छापली जात नव्हती. संगणकात प्रोग्रॅम बसवणारा पॅकेज मॅनेजर एकच ओळ दाखवत होता : 'ब्रेल-स्वर बसवता येत नाही. सही निर्जीव.'

तिने सगळं काढून पुन्हा बसवून पाहिलं. तीच ओळ आली. शेवटी तिने वसईला एडविन डाबरेंना फोन लावला. ब्रेल-स्वर हा स्वरलिपी छापणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवला होता.

फोन त्यांच्या बायकोने घेतला. "पहाटे देवाघरी गेले," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी कळवलं?"

मंजिरीने मिरजेच्या शाळेतून बोलत असल्याचं सांगितलं आणि संगणकावरची ओळ वाचून दाखवली. हल्ली प्रत्येकाची संगणकावरची सही मनगटावरच्या पट्टीतून त्याच्या नाडीला जोडलेली असे. नाडी थांबली की सही मरे आणि तिच्या आधाराने चालणारं सगळं बंद पडे.

 डाबरेबाईंनी विचारलं, "मुलांचं काम अडलंय का? तुम्ही घ्या ते पुढे. मिरजेच्या बाईंना जमेल, असं ते म्हणायचे."

मंजिरीने मनगटावरची पट्टी संगणकाला जोडली. प्रोग्रॅमवर एडविनच्या नावाखाली तिने स्वतःच्या नावाची सही केली आणि नाडी संथ होईपर्यंत डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने छापयंत्र कागदावर ठिपके उठवू लागलं.