पंचनाम्यातली ट्राम

साहेब, तुम्ही माझ्या बापाला बॉम्बवाला ठरवलंत.

आमच्या धुडकूआप्पांनी बनवलेली पत्र्याची छोटी ट्राम विजेवर चालायची. लाइट गेली की अंगणातच अडकायची, म्हणून त्यांनी तिला बॅटरी आणि रिमोट बसवला. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात तुम्हाला तिच्या वायरी दिसल्या आणि तुम्ही आप्पांना रस्त्यावर उकिडवं बसवलंत. ते हात जोडून सांगत होते, "बॉम्ब नही शे साहेब, मन्ही ट्राम शे. घंटी वाजाडस." घरात आईने भीतीने रिमोट जवारीच्या कोठीत दडवला. तुम्ही ट्राम उचलून नेलीत, पंचनाम्यात 'संशयित वस्तू नष्ट केली' असं लिहिलंत आणि त्याखाली आप्पांची सही घेतलीत.

तीन दिवस आईच्या पोटात अन्न गेलं नाही. शेवटी म्हणाली, "तो रिमोट देई ये माय, नहीतर तुन्हा बापले लई जातीन." म्हणून मी तुमच्या क्वार्टरच्या फाटकाशी आले. कडी काढताना हातातल्या रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं.



आतून घंटी वाजली. नष्ट केलेली ट्राम तुमच्या घरात काय करते, साहेब? उत्तर द्या.