मुकादमांचा दंडक

भर दुपारी तोंडाला पंचा गुंडाळून सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचे, मुकादम भगतिणीच्या झोपडीत शिरले. हिच्याकडे कौल लावणाऱ्याला प्रार्थनेला उभं करणार नाही, हा गावातल्या बेने इस्रायलींना दंडक त्यांचाच. पण ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेल्या लेकाचं चार महिने पत्र नव्हतं, आणि देव मुकादमांनासुद्धा दाद देत नव्हता.

"बसा मुकादम. तोंड झाकलंत, चाल कशी झाकाल?" भगतीण हसली.

"बाय, एवढंच सांग. माझा सोलोमन जिवंत आहे ना?"

तिनं कौलाच्या तांदळाला हातच लावला नाही. "हेच विचारायला तुमची बायको दर मंगळवारी बाजाराचं निमित्त करून येते. मी सांगते, आहे. मग ती घरी जाऊन दोन घास जेवते."

"आणि खरं काय?"

"खरं मला कुठनं कळणार? मी काय देव आहे?"

घरी बायकोनं विचारलं, "कुठं गेला होतात?"

"बंदरावर," म्हणत त्यांनी पंचा खुंटीला अडकवला.

मंगळवारी चहा पिऊन त्यांनी स्वतःच बाजाराची पिशवी तिच्या हातात दिली. "जाऊन ये," म्हणाले, "सावकाश ये. मी आहे घरी."