हात लावायचा नाही

"या कपाटाला हात लावायचा नाही," स्तोइमेन म्हणाला आणि सूपमध्ये पाव बुडवू लागला.

सासऱ्याशी बोलणं नेवेनानं केव्हाच गरजेपुरतं ठेवलं होतं. नवरा, प्लामेन, जर्मनीत ट्रक चालवायचा आणि वर्षातून दोनदा घरी यायचा. डोंगरातल्या त्या दगडी घरात हे दोघंच उरले होते, आणि वारलेल्या सासूचं, झ्लाताचं, काळवंडलेलं सामान. उन्हाळ्यात वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, असं नेवेनानं ठरवलं होतं. शहरातल्या माणसांना जुनं आवडतं, पण देखणं जुनं.

म्हातारा खानावळीकडे गेल्यावर तिनं कपाट अंगणात ओढलं. आधी गडद निळ्या रंगाचा हात दिला. तो वाळल्यावर कडांना मेणबत्ती घासली आणि वरून सायीच्या रंगाचा हात दिला. मग पॉलिश पेपर फिरवला, तसा मेणाच्या जागी वरचा रंग सुटला आणि खालचा निळा डोकावू लागला.

स्तोइमेननं ते पाहिलं तेव्हा कपाटाभोवती एक फेरी मारली.

"लाज सोडलीस," तो म्हणाला. मग वाकून कड न्याहाळत, "आणि हे जुनं दिसतंय? परवा बाजारातून आणल्यासारखं दिसतंय. जमत नाही तर माणसानं करू नये."

नेवेनानं दात खाऊन कडा आणखी घासल्या. कपाट खरंच खुललं, पण ते तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

पुढे तसंच होत गेलं. त्यानं आरशाला मनाई केली, तिनं आठवड्यात आरसा रंगवला. मग बाक, मग पेटी, मग एकेक करून चार खुर्च्यांपैकी तीन. चौथीला कीड लागली होती, तिच्याबद्दल तो काही बोलला नाही, म्हणून तीही त्या वाटेला गेली नाही. सून माझ्या बायकोची आठवण खरवडून काढतेय, असं तो गावभर सांगत फिरला. शेजारणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. तयार झालेल्या वस्तूसमोर तो फोन घेऊन बराच वेळ बसायचा. प्लामेनला फोटो पाठवून चुगल्या करत असेल, करू दे, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

एप्रिलमध्ये त्यानं पाळण्याचं नाव काढलं.

"पाळण्याला तरी शिवू नकोस. रंगवून करशील काय? निजवणार कुणाला?"

दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतलेली नेवेना चुलीपाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पाळणा अंगणात घेतला आणि पाच दिवस दुसरं काही केलं नाही. इतकं देखणं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

मे महिन्यात नेवेना पाहुण्यांसाठी चादरी वाळत घालत असताना दारात टेम्पो थांबला. सोफिया शहरात जुन्या सामानाचं दुकान असलेली कालिना नावाची बाई आणि तिचा ड्रायव्हर उतरले. कोट घालून बसलेल्या स्तोइमेननं उठून त्यांना थेट वर नेलं. आधी पाळणा खाली आला, मग कपाट.

नेवेना जिन्यात आडवी उभी राहिली. "मामंजी, हे चालणार नाही. हे माझं आहे."

"लाकूड झ्लाताचं. झ्लाता माझी."

"आणि माझा अख्खा हिवाळा?"

"मी मागितला होता? मी तर नकोच म्हणत होतो. गाव साक्षीला आहे."

ती बाजूला झाली. तो ड्रायव्हरला दोरी कुठे बांधायची ते सांगायला बाहेर गेला.

सामान भरून झाल्यावर कालिना पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. तिनं रंगांचे डाग पडलेले नेवेनाचे हात पाहिले आणि मनापासून तिच्या कामाची तारीफ केली. मग कोपऱ्यातल्या जेवणाच्या टेबलावरून तळवा फिरवला.

"हे मी पुढच्या खेपेला नेईन," ती म्हणाली. "सासरे फोनवर म्हणाले, टेबलाला मनाई करायची अजून राहिलीय."