चौथं प्रकरण

"परत चौथं लाव," बाबा म्हणाले.

गंधालीने कणकेचा गोळा परातीत आपटला. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये आठवडाभर एकच आवाज घुमत होता. प्रीतम नावाचा कुणी स्टँड-अप कॉमेडियन आपल्या लहानपणाच्या गमतीजमतींचं पुस्तक स्वतःच वाचून दाखवत होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा आरामखुर्चीत बसून ठसका लागेपर्यंत हसत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं वाचन बंद झालं, म्हणून गंधालीच्या नवऱ्याने, मुकुलने, त्यांच्या फोनवर ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं होतं. पुस्तक कुठलं हवं, ते मात्र बाबांनीच सांगितलं.

हसण्याला तिची हरकत नव्हती. आई गेल्यापासून चार वर्षांत ते असे हसले नव्हते. तिचं डोकं फिरलं होतं ते चौथ्या प्रकरणाने.

त्यात प्रीतमचा दुधाचा दात पडतो. वडील खांद्यावर पंचा टाकून त्या दाताची शोकसभा घेतात. दात बशीत, बशीसमोर उदबत्ती. "चिक्कीशी झुंजताना यांना वीरमरण आलं," असं भाषण, आणि मग सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता.

ही शोकसभा गंधालीच्या दाताची होती. ती पहिलीत असतानाची. बाबांची नोकरी फिरतीची, महिन्यातले पंधरा दिवसच ते घरी. पण असले की असे सोहळे व्हायचे. पंचा, बशी, चिक्की, सगळं जसंच्या तसं. पाचव्या प्रकरणात वडील सायकलमागे धावता धावता क्रिकेटची कॉमेंट्री करत होते. तेही तिचंच!

"बाबा, या माणसाने आपल्या घरातलं चोरलंय!"

"असू दे गं. सांगतो किती छान! आवाज बघ कसा मोकळा आहे."

"तुम्हाला राग नाही येत?"

"चौथं लाव ना."

संध्याकाळी तिने मुकुलला धरलं. तो अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीत होता. असल्या लोकांत त्याची ऊठबस.

"तूच बोललास ना? कुठल्यातरी पार्टीत, दोन पेग झाल्यावर?"

"मी? अगं, तुझ्या दाताचं मलाच धड आठवत नव्हतं, यार. आणि तो प्रीतम मला ओळखतसुद्धा नाही."

"मग काय त्याला स्वप्न पडलं?"

मुकुलने हात जोडले आणि तो आंघोळीला गेला. आतल्या खोलीत बाबा पुन्हा हसायला लागले.

तिने प्रीतमला खरमरीत ईमेल लिहिली. वकील, नोटीस, सगळं घातलं. तासाभरात उत्तर आलं. शनिवारी दुपारी अंधेरीच्या हॉलवर तालीम आहे, जरूर या. ना खुलासा, ना माफी. ती आणखीच भडकली.

शनिवारी ती चपला घालत असताना बाबांनी पहिल्यांदाच पुस्तक मध्येच थांबवलं.

"कुठे निघालीस?"

"त्या चोराकडे."

बाबांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "भांडू नकोस त्याच्याशी."

"कमाल करता तुम्ही! तुमच्या जिवावर तो टाळ्या घेतोय, आणि मी भांडू नको?"

रिक्षात दीड तास धूळ खात ती पोचली, तोवर सगळी वाक्यं तिला पाठ झाली होती.

रिकाम्या हॉलमध्ये तिशी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस एकटाच बसला होता. तिला पाहताच तो उठला. खुर्ची पुढे ओढली, पाण्याची बाटली ठेवली. तिने बाटलीला हातही लावला नाही.

"ती शोकसभा माझ्या दाताची आहे. श्याऐंशी साली झाली, मुलुंडला. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हतात. ते प्रकरण पुस्तकातून काढायचं आणि माझ्या वडिलांची माफी मागायची. जाहीर!"

पुस्तकात अखंड बडबडणारा तो माणूस खाली मान घालून ऐकत राहिला.

"त्यांनी ऐकलं पुस्तक?"

"रोज ऐकतात. आम्हाला वेड लागायची पाळी आलीय."

"हसले?"

"हसले म्हणजे? ठसका लागेपर्यंत! पण तो मुद्दाच नाही. तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

प्रीतमने चष्मा काढला. शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"कुणी सांगितलं नाही, ताई. शहाण्णव साली, बोरिवलीच्या आमच्या घरी, त्यांनी माझ्या दाताचीही शोकसभा घेतली होती. मीसुद्धा त्यांना बाबाच म्हणतो."