खूण पटवून घेऊन जावे

सकाळी ती उठली तेव्हा आईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं आणि डिंकाची बाटली जागेवर नव्हती.

बाटली नाही म्हणजे आई चिठ्ठ्या चिकटवायला गेली, हे सांगायला ज्योतिषी नको. पण आज रविवार, आईचीही सुट्टी होती आणि न सांगता ती कधी कुठे जात नसे. दहा वाजले, अकरा वाजले. मुलीने फोन लावला, तर तो स्वयंपाकघरातल्या फळीवरच वाजला.

आई डेपोत बसगाड्या झाडायची. सीटखाली सापडेल ते कार्यालयात जमा केलं की तिचं काम संपलं. पण तेवढ्यावर तिला चैन कुठली पडायला! घरी येऊन ती चिठ्ठ्या लिहायची आणि त्या बसच्या प्रत्येक थांब्यावर नेऊन चिकटवायची. ‘सापडला: एक हातमोजा, डावा, अंगठ्याला भोक. खूण पटवून घेऊन जावे.’ हातमोजा, तोही भोक पडलेला! डेपोत सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

काल तर कहर झाला. शाळा सुटताना आई फाटकाशी उभी, हातातल्या पिशवीत दातांची कवळी. “तुमच्या आजोबांची नाही ना गं ही?” असं एकेकीला अगदी मनापासून विचारत होती. पोरी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या होत्या. एक म्हणाली, “ए, ही तुझी आई ना?”

“छे! माझी आई नाहीये ती,” मुलगी म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली. आई चार पावलांवर होती.

घरी आल्यावर आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात धुऊन ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, “कुणी सांगितलं तुला?”

कुठल्या मैत्रिणीने शिकवलं असं विचारतेय, मुलीला वाटलं. ती आणखीच भडकली. “कुणी सांगायला कशाला हवंय? मला काय कळत नाही?”

आई मग उठून भांडी घासायला लागली.

आता ते आठवून मुलगी सारखी आत-बाहेर करत होती. घरात दोघीच तर होत्या. एवढं तोडून कसं बोललो आपण? आई कुठे निघूनच गेली असली तर?

पायात चपला सरकवताना तिची नजर कपाटावर गेली. तिथला लहानसा लाल बूट नव्हता. तिचा स्वतःचाच बूट, ती चालायला लागली तेव्हाचा, उजव्या पायाचा. डावा कुठेय म्हणून विचारलं की आई म्हणायची, “तो काही मिळाला नाही गं.” जगाच्या वस्तू शोधणारी बाई, आणि स्वतःच्या पोरीचा बूट हिला सापडू नये! मुलगी यावरूनही तिला कितीदा हसली होती. आज तिला हसू आलं नाही.

डेपोचा पहारेकरी फाटकातच भेटला.

“चिठ्ठीबाई ना? सकाळी सात नंबरच्या गाडीत बसली की. हे एवढं चिठ्ठ्यांचं बाड हातात. मी म्हटलं, बाई, हत्तीबित्ती सापडला की काय? एरवी हसते. आज नाही हसली.”

“काही बोलली का काका?”

“म्हणाली, ही फार आधीच लावायला हवी होती.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “घरी काही झालंय का गं?”

“नाही हो,” ती म्हणाली. दोन दिवसांत हे दुसरं खोटं.

सात नंबरच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. प्रत्येक थांब्यावर कोरी करकरीत चिठ्ठी होती, पण आईचं ते मुंगीएवढं अक्षर खिडकीतून कुठलं दिसायला! एका थांब्यावर दोन बायका चिठ्ठी वाचत होत्या. एकीने तोंडावर हात ठेवला होता. कवळीला हसत असणार, मुलीला वाटलं, आणि त्या बाईचा तिला भयंकर राग आला. काय बोलायचं ते ती मनात घोळवत राहिली.

शेवटच्या थांब्यावरच्या बाकावर आई एकटीच बसली होती. बोटांना डिंक, मांडीवर लाल बूट.

“आई!” मुलीचा जीव भांड्यात पडला. “अगं, फोन तरी न्यायचास! किती घाबरले मी. चुकलं गं माझं. काल मी खोटं बोलले.”

आईने मान वर केली. “खोटं?”

“मग काय! पोरी हसत होत्या म्हणून बोलले. तू माझी आई नाहीस हे काय खरं असणारे का?”

“म्हणजे… तुला कुणी काही सांगितलं नाही?”

“काय सांगायचंय?”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती ताडकन उठली आणि मागच्या खांबावरची चिठ्ठी नखांनी खरवडायला लागली. डिंक वाळला होता. चिठ्ठी निघेना.

“राहू दे ना आई, कशाला काढतेस?”

“काही नाही गं. छत्री आहे कुणाची तरी. तू हो पुढे.”

“असू दे की छत्री. आता नाही मी हसणार. बघू तरी,” असं म्हणत मुलीने आईचा हात हळूच बाजूला केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईची चिठ्ठी नीट वाचली.

‘सापडली: मुलगी, तेव्हा वय साधारण दीड वर्ष. सात नंबरची बस, शेवटचा थांबा, मागची सीट. कळवायला चौदा वर्षं उशीर केला, चूक माझी. दुसरा लाल बूट दाखवून घेऊन जावे.’